मदत हवी आहे: टर्ब्युलन्समध्ये (हवेतल्या हादऱ्यांत) क्रूने कधी बसायचं, हे ठरवायचं कोणी?

मी केबिन क्रूमध्ये काम करते. विमान खाली उतरत असताना बसलेल्या एका धक्क्यात माझा घोटा मोडला. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी फिट असल्याचं लिहून दिलंय आणि लवकरच पुन्हा ड्यूटी लागेल. त्याआधी जाणकारांकडून दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

त्या दिवशी सीटबेल्टचा दिवा लागला होता, पण क्रूने बसावं अशी सूचना कॉकपिटमधून आलेली नव्हती. मी मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, ट्रॉली आत सरकवत होते. एकदम पाय सुटले. वर जाताना मला काहीच लागलं नाही. पण पुढच्याच क्षणी विमान वर उचललं गेलं. मी खाली येत होते आणि फ्लोअर वर येत होता, सगळा भार उजव्या घोट्यावर आला. ट्रॉलीचं ब्रेकचं लाल पेडल दाबलेलं होतं म्हणून निदान ती माझ्या अंगावर आली नाही. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या आसपास जाते, तेव्हा काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

घरी पडल्या पडल्या बरंच वाचलं. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेचा २०२१ चा अभ्यास सांगतो की तिथल्या विमान कंपन्यांच्या अपघातांपैकी एक तृतीयांशाहून अधिक टर्ब्युलन्सशी संबंधित होते आणि गंभीर जखमी होणाऱ्यांत सर्वाधिक संख्या केबिन क्रूची होती. कारण उघड आहे. प्रवासी पट्टा लावून बसलेले असतात, उभे आपण असतो.

लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला २१ मे २०२४ ला म्यानमारवर जो धक्का बसला, त्याच्या प्राथमिक तपासातले आकडे पाहिले. विमानातल्या माणसांवरचा जोर ०.६ सेकंदात अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला आणि पुढच्या ४ सेकंदांत परत अधिक १.५ जी वर आला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर; तो उणे झाला की पट्टा न लावलेला माणूस वर फेकला जातो). उंचीत फरक पडला तो फक्त १७८ फुटांचा. म्हणजे विमान हजारो फूट कोसळावं लागतच नाही. ०.६ सेकंदात कोणी जंपसीट (क्रूची घडीची सीट) उघडून खांद्यावरचे पट्टे लावून दाखवावेत! त्या घटनेनंतर लगेच त्या कंपनीने दिवा लागला की गरम पेयांबरोबर जेवण देणंही थांबवायचं आणि क्रूनेही बसायचं, असा नियम केला होता. कोरियन एअरने केबिन सर्व्हिस लँडिंगच्या ४० मिनिटं आधी संपवायला सुरुवात केली. हे सगळीकडे का होत नाही, हा माझा खरा सल आहे.

माझे प्रश्न:

दिवा लागलाय, कॉकपिटकडून सूचना नाही, इनचार्ज म्हणते "एवढी रांग उरकून घे". अशा वेळी तुम्ही काय करता?

ट्रॉली आयलच्या (सीटांमधल्या वाटेच्या) मधोमध असेल आणि जोरात हादरे सुरू झाले, तर ती गॅलीत नेण्याची धडपड करायची की नाही?

आणि पुन्हा उभं राहताना मनातली धास्ती कशी आवरली? हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद (निवृत्त केबिन सुपरवायझर)

ट्रॉली ओढत गॅलीकडे पळू नका. ब्रेक लावा, गरम कॉफीचे पॉट खाली फ्लोअरवर ठेवा आणि सर्वांत जवळची रिकामी सीट धरा, मग ती प्रवाशाची का असेना. सीट नसेल तर खाली बसा, आर्मरेस्ट घट्ट धरा आणि शेजारच्या प्रवाशांना सांगा, "मला धरून ठेवा". लोक धरतात, मी स्वतः असं बसले आहे. आधाराशिवाय उभं राहता येत नसेल तर बसायची वेळ होऊन गेली, असं मी नव्या मुलींना शिकवायचे. तुमच्या मॅन्युअलमधला टर्ब्युलन्सचा भाग काढून वाचा. क्रूने स्वतःहून सर्व्हिस थांबवावी असं त्यात लिहिलेलं असेल, तर ब्रीफिंगमध्येच, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीतच, ते वाक्य सगळ्यांसमोर म्हणा. हवेत असताना वाद घालण्यापेक्षा जमिनीवर बोललेलं बरं.

प्रतिसाद (वैमानिक)

एक गोष्ट क्रूकडून हवी असते आणि ती क्वचितच मिळते: इंटरफोनवर (विमानातल्या आतल्या फोनवर) फोन. शेपटीकडे जे जाणवतं ते आम्हाला पुढे तितकं जाणवत नाही. मागे उभं राहणं अशक्य झालंय हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर मला कळणार कसं? "मागे मॉडरेट (मध्यम जोराचा) आहे, आम्ही बसतोय" एवढं पुरे. परवानगी मागू नका, कळवा. दुसरं, रडार ढगातलं पाणी पाहतो. निरभ्र हवेतला टर्ब्युलन्स त्याला दिसत नाही, म्हणून आमच्या सूचनेची वाट पाहणं नेहमीच सुरक्षित नसतं. रीडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवर असा तीव्र टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढलाय. ब्रीफिंगमध्ये कॅप्टनला थेट विचारा: टर्ब्युलन्स टेकऑफनंतर किती वेळाने, किती वेळ, किती जोराचा? त्यावरून सर्व्हिसची वेळ मागे-पुढे करता येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "परवानगी मागू नका, कळवा" हे फार उपयोगी पडेल. अजून एक विचारते. माझ्या वेळच्या रिपोर्टमध्ये फक्त "तोल जाऊन पडली" असं लिहिलं गेलं. ते दुरुस्त करून घ्यायला आता उशीर झालाय का?

प्रतिसाद (निवृत्त केबिन सुपरवायझर)

मुळीच नाही. सेफ्टी विभागाला स्वतंत्र रिपोर्ट लिहून द्या. दिवा कधी लागला, त्या वेळी तुम्ही कुठे उभ्या होता, सर्व्हिस सुरू ठेवायला कोणी सांगितलं, बसायची सूचना आली की नाही, हे क्रमाने लिहा. डॉक्टरांचे कागद जोडा आणि पोच घ्या. "तोल गेला" लिहिलं की चूक तुमची ठरते आणि सर्व्हिसच्या वेळेचा प्रश्न कोणी विचारतच नाही. धास्तीबद्दल उद्या सविस्तर लिहिते, मीही त्यातून गेले आहे.