बंब रविवारी पेटवू नका (सोसायटी ग्रुप, भुसावळ)

शुक्रवार, रात्री ९.१०

दीपनगरवाले आबा (११ नं.): नमस्कार. संध्याकाळी हॉलच्या मागे पाणी तापवायचा नवीन बंब पाहून आलो. टाकीवरून जो उघडा पाइप वर गेला आहे, त्याला व्हॉल्व्ह लावलाय आणि तो बंद आहे. कोणाचं डोकं हे? रविवारी बंब पेटवू नका.

सेक्रेटरी भाऊ (५ नं.): शुभ रात्री आबा 🙏 त्या पाइपातून पाणी गळत होतं, म्हणून फॅब्रिकेटरनेच लावून दिला. ३ नंबरची तक्रार होती.

३ नंबर वहिनी: तक्रार नव्हती हो, विनंती होती. नवीन गाडी आहे. पाणी भरून पाहिलं त्या दिवशी सगळं आमच्या गाडीवर. त्याला तक्रार म्हणत असतील तर म्हणा.

नाना (९ नं.): जुना तांब्याचा बंब मोडीत किती रुपयांना गेला? हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही.

पिंटू (६ नं.): बंबाचा बॉम्ब होणार की काय आबा 😂

आबा: हसू नको बाळा. २०० लिटरची टाकी आहे. थंड पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की साधारण ७ लिटर वाढतं. ते ७ लिटर जाईल कुठे? उघड्या पाइपातून. तो बंद केला तर टाकी फुगेल, आणि पुढे वाफ धरली तर पत्राही ऐकणार नाही.

सेक्रेटरी भाऊ: पण आबा, वाढलेलं पाणी मागच्या मागे गच्चीवरच्या टाकीत परत जाईलच ना?

आबा: नाही जाणार. खाली एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, बसवलाय. गरम पाणी उलटं वर जाऊ नये म्हणून तुम्हीच सांगितला होता. खालून बंद, वरून बंद, मधे जाळ.

चेअरमन आप्पा (१ नं.): दीपनगरच्या वीज केंद्रातला आबांचा अनुभव मोठा आहे, आदर आहे. पण पूजा रविवारी सकाळी ६ ला ठरली आहे, पाहुण्यांना सांगून झालं आहे. ऐन वेळी अडचणी काढू नयेत.

आबा: अडचण मी काढली नाही आप्पासाहेब, बसवलेली आहे. उघड्या पाइपाला व्हॉल्व्ह नको.

नाना: मोडीचा हिशोब?

पिंटू: पूजा आहे तर भरीत पार्टी पण ठेवा. बामणोदची वांगी मी आणतो. बंबाखाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या लागणारच, त्यावरच वांगी भाजू.

माई (८ नं.): चंपाषष्ठी झाली का रे? त्याआधी आमच्याकडे वांगं चालत नाही.

पिंटू: झाली माई, परवाच. पुरी की कळण्याची भाकरी?

माई: भाकरी. कांद्याची पात विसरू नको. आणि तेलात हात आखडू नका, मागच्या वेळेसारखं.

१२ नंबर: मागच्या वेळी तेल आमच्याकडून होतं माई. असो.

आबा: वांगी ठेवा बाजूला. उघड्या पाइपाला व्हॉल्व्ह नको.

शनिवार, सकाळी ७.४०

३ नंबर वहिनी: मग माझ्या गाडीवर पाणी पडलेलं चालेल सगळ्यांना. सोसायटीत एकटीच गाडीवाली आहे ना मी.

आबा: वहिनी, तुमचं बरोबर आहे. पाणी पडायलाच नको. पाइपाचं तोंड गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिलंय, म्हणून ते गळतं. पाइप त्या गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर ३ फूट चढवा आणि तोंड गटारीकडे वळवा. जीआयचाच, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी घ्या. पीव्हीसी नको, ६० अंशांच्या पुढे तो नरम पडतो.

३ नंबर वहिनी: हे आधीच कोणी सांगितलं असतं तर.

सेक्रेटरी भाऊ: आज प्लंबर बोलावतो. खर्च मेंटेनन्समधून.

नाना: खर्च लगेच सापडतो, मोडीचे पैसे सापडत नाहीत 🙏

पिंटू: आबा, पेटवायला रॉकेल आणू का? नाहीतर गाडीतलं थोडं पेट्रोल काढतो.

आबा: दोन्ही आणू नको. पेट्रोलने भुवया जातील. आधी पाणी, मग आग. हॉलचा गरम पाण्याचा नळ सोडा, हवेचे फुसके थांबून सलग धार लागली की टाकी भरली. मग कागद पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरा. ज्योत आत ओढली गेली तर ओढ आहे. धूर बाहेर आला तर थांबा. नंतर दोन मुठी पऱ्हाट्या आणि बाभळीची एक वाळलेली ढलपी, बस. आतल्या विटा गुरुवारी लावल्यात, माती ओली आहे. पहिल्याच दिवशी जाळ केला तर तडे जातील. तीन दिवस जरा जरा तापवा.

चेअरमन आप्पा: म्हणजे पाहुण्यांसमोर कोमट पाणी?

आबा: कोमटच.

चेअरमन आप्पा: छान. आम्ही पत्र्यावर हार घालून फोटो काढू.

माई: एक विचारते, वॉचमन थंडीमुळे बंबाच्या खोलीत झोपायचं म्हणून राहिला. चालेल का?

आबा: अजिबात नाही माई, बरं झालं बोललात. विझत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. त्या खोलीचं दार काढूनच ठेवा.

सेक्रेटरी भाऊ: दार आजच काढतो. त्याला हॉलमध्ये गादी देऊ.

१२ नंबर: हॉलच्या गाद्या कोणाच्या घरी गेल्यात ते पण पाहून घ्या.

सेक्रेटरी भाऊ: गाद्यांचा विषय नंतर प्लीज.

शनिवार, रात्री ८.२५

सेक्रेटरी भाऊ: व्हॉल्व्ह काढला, पाइप वर चढवला, तोंड गटारीकडे. आबांनी स्वतः शिडीवरून पाहिलं.

आबा: पाहिलं. व्यवस्थित आहे. प्लंबरला चहा दिलाय.

रविवार, सकाळी ७.०५

सेक्रेटरी भाऊ: बंब पेटला. धूर सरळ वर. नवीन रंग तापल्याचा वास येतोय, घाबरू नका, दोनेक दिवसांत जाईल असं आबा म्हणतात. पाणी कोमट.

चेअरमन आप्पा: पाहुण्यांनी हात लावून पाहिलं आणि विचारलं, "पेटवला कधी?" मी काय सांगणार.

नाना: मोडीचा हिशोब?

चेअरमन आप्पा: वार्षिक सभेत.

पिंटू: वांगी भाजून झाली. ताटं घेऊन या. पुरी नाही, माईंच्या ऑर्डरप्रमाणे भाकरी.

३ नंबर वहिनी: येते. आज गाडीवर पाणी नाही. पऱ्हाट्यांची राख आहे.