साखरेची जुनी वही आणि दंडावरचा सेन्सर: खर्च, सोय, गैरसोय (अनुभव धागा)

शाईदौत (धागालेखिका)

कपाट आवरताना माझी पंचवीस वर्षांपूर्वीची मधुमेहाची, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या नोंदींची वही सापडली. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, आकडा आणि इन्सुलिनची युनिटे असे चार रकाने आखलेले आहेत, आणि मधूनमधून बोट पानाला लागून पडलेले रक्ताचे ठिपके आता तपकिरी झाले आहेत. ही वही पाहून डॉक्टर माझे कौतुक करत असत, म्हणून आज कबूल करते की त्यातले निम्मे आकडे मी तपासणीच्या आदल्या रात्री बसून, दोन वेगवेगळ्या पेनांनी, मनाने भरलेले आहेत. बोट टोचायचा कंटाळा, मीटरच्या पट्ट्या पुरवून वापरण्याची सवय आणि २८० हा चढा आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिण्याची लाज, अशी त्याची कारणे होती.

आता सहा वर्षे दंडावर सेन्सर आहे, म्हणजे त्वचेखालच्या बारीक तंतूने साखर सतत मोजून आकडा फोनवर पाठवणारे छोटे चिकटयंत्र. तो दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ आकडे नोंदवतो आणि त्यातला एकही मला खोडता येत नाही. मात्र दर महिन्याच्या औषधांच्या बिलात सर्वांत मोठी रक्कमही त्याचीच असते. तुम्ही या खर्चाचा हिशेब कसा करता, बचत कुठे करता आणि रोजच्या वागण्यात खरोखर काय बदलले, हे वाचायला आवडेल. माहितीपत्रकात काय छापले आहे ते मी वाचलेले आहे. आपापल्या दंडावरचे सांगा.

ताळेबंद

मी पेशाने हिशेबनीस असल्यामुळे पहिला मुद्दा माझाच असावा. खोक्यावरची किंमत पाहून दोन सेन्सरांची तुलना करू नये. ती वर्षाच्या संख्येवर करावी. १४ दिवस चालणारे वर्षाला २६ लागतात, १० दिवसांचे ३७ आणि ७ दिवसांचे ५२. त्यामुळे १० दिवसांचा सेन्सर नगामागे थोडा स्वस्त दिसला, तरी वर्षाला ११ नग जास्त घ्यावे लागतात. डेक्सकॉम कंपनीच्या जी६ सेन्सरमध्ये ट्रान्समीटर, म्हणजे आकडा फोनकडे पाठवणारा भाग, वेगळा असून तो तीन महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणजे वर्षाला आणखी चार नग आले; जी७ मध्ये तो सेन्सरमध्येच असतो. एव्हरसेन्स नावाचा सेन्सर डॉक्टर त्वचेखाली बसवतात. तो आधी ९० दिवसांचा होता, मग १८० दिवसांचा झाला, आणि २०२४ मध्ये त्याच्या वर्षभर चालणाऱ्या आवृत्तीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण त्याच्या हिशेबात बसवण्याचे आणि काढण्याचे शुल्क धरायला लोक विसरतात.

आता माझा स्वतःचा आकडा सांगतो. गेल्या वर्षी मी २६ ऐवजी २९ सेन्सर लावले. दोन दाराच्या चौकटीला घासून निघाले आणि एक लावल्यापासून सुरूच झाला नाही. ३६५ भागिले २९ केले, तर माझा १४ दिवसांचा सेन्सर प्रत्यक्षात साडेबारा दिवसांचा आहे. तुलना करायची असेल तर या साडेबाराने करावी, छापील चौदाने नव्हे.

उंबरठा

चौकटीबद्दल सहानुभूती व्यक्त करतो. माझे तीन सेन्सर एकाच दाराने खाल्ले, तेव्हा घरच्यांनी सेन्सरऐवजी दार बदलण्याचा खर्च काढून पाहिला होता. दंडाच्या बाहेरच्या बाजूऐवजी मागच्या बाजूला लावायला लागल्यापासून एकही पडलेला नाही.

दोनचा गजर

मुलगा नऊ वर्षांचा आहे. निदान झाले तेव्हा चार वर्षांचा होता. सेन्सर येण्याआधी आम्ही नवराबायको रात्री दोनचा आणि पाचचा गजर लावून आळीपाळीने उठत होतो आणि पांघरुणातून त्याचे बोट शोधून टोचत होतो. पुढेपुढे तो झोपेतच बोट पुढे करायला शिकला होता, हे आठवले की अजूनही कसेतरी होते. त्यामुळे सेन्सर परवडतो का, असे कोणी विचारले की मला त्या दोन वर्षांच्या झोपेची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न पडतो.

तरीही सेन्सर लावला आणि निश्चिंत झोपलो, असे झाले नाही. पहिल्याच आठवड्यात रात्री पावणेतीनला गजर झाला आणि आकडा ५२ दिसला. घाबरून त्याला उठवले, ग्लुकोज पाजले, आणि मग बोट टोचले तर मीटरवर १२१ आले. तो सेन्सरच्या कुशीवर झोपला होता. शरीराच्या भाराखाली तो भाग दाबला गेला की तिथल्या द्रवाची हालचाल कमी होते आणि आकडा खोटाच खाली जातो, हे आम्हाला नंतर समजले. आता नियम असा आहे की कूस बदलायची, बोट टोचायचे आणि मगच पाजायचे; तो थरथरत असेल, घामाघूम असेल किंवा नीट जागा होत नसेल, तर मात्र मोजत बसायचे नाही.

खर्चात फोनही धरा. आमचा जुना फोन चालणाऱ्या फोनांच्या यादीत नव्हता, आणि नवा घेतल्यावर एकदा त्याची प्रणाली अद्ययावत झाली तेव्हा गजराची परवानगी गुपचूप बंद झाली. सकाळी आलेख पाहिला, तेव्हा चाळीस मिनिटे साखर ६० च्या खाली होती आणि घरात सगळे शांत झोपलेले होते. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर गजर तपासून पाहणे, हे आता माझ्या कामांच्या यादीत आहे.

शाईदौत

झोपेत पुढे केलेल्या बोटाबद्दल वाचून थोडा वेळ पुढे वाचता आले नाही. आता तो स्वतः सेन्सर लावून घेतो का?

दोनचा गजर

लावून घेतो, पण मोजणी त्याने स्वतः करायची आणि कळ मी दाबायची, असा आमचा करार आहे. तो तीनपर्यंत मोजतो, आणि अडीच हा आकडा त्याने स्वतः शोधून काढला आहे.

सायंफेरी

माझा अनुभव वेगळा आहे आणि काहींना तो आवडणार नाही. मला टाइप २ मधुमेह आहे, इन्सुलिन नाही, केवळ गोळ्या आहेत. पहिला सेन्सर लावला तेव्हा दिवसाला चाळीस वेळा फोन पाहत होतो. त्या चौदा दिवसांत दोन गोष्टी कळल्या, ज्या उपाशीपोटीच्या तपासणीने दहा वर्षांत कळल्या नव्हत्या. एक म्हणजे पहाटे चार ते सातच्या दरम्यान, काहीही न खाता, माझी साखर तीस-चाळीस अंकांनी चढते. दुसरी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर लगेच वीस मिनिटे चाललो, तर आलेखातला डोंगर टेकडीएवढा होतो, आणि तेवढेच दोन तासांनी चाललो तर फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या सेन्सरने तेच पुन्हा सांगितले. तिसऱ्याने काहीच नवे सांगितले नाही.

म्हणून मी वर्षाला चारच लावतो, प्रत्येक तपासणीच्या आधी एक. चौदा दिवसांपैकी किमान ७० टक्के वेळेची नोंद असली, तर डॉक्टरांना अहवाल वाचायला पुरेशी होते. २६ च्या जागी ४, असा माझा ताळेबंद आहे. गोळ्यांवरच्या माणसाने बारा महिने सेन्सर लावणे मला अनावश्यक वाटते.

काचपट्टी

इथे थोडे थांबवते, कारण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, आणि जेवण चुकले तर ती साखर चांगलीच खाली नेते. अशा व्यक्तीने, विशेषतः वय झालेले असेल तर, सेन्सर किती दिवस लावायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे आणखी एक लिहिते. सेन्सर बोटाशी जुळत नाही, ही तक्रार घेऊन रोज कोणीतरी येते. सेन्सरचा बारीक तंतू रक्तवाहिनीत नसतो, तो पेशींमधल्या द्रवात असतो. त्या तंतूवरचे विकर (एन्झाइम) ग्लुकोजशी अभिक्रिया करते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाचा आकडा आपल्याला दिसतो. रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला पाच ते दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून साखर वेगाने चढत किंवा उतरत असताना सेन्सर मागे राहणारच. तुलना करायचीच असेल, तर आकड्याशेजारचा, साखर चढते की उतरते ते दाखवणारा बाण आडवा असताना करा, हात धुऊन करा आणि पहिल्या दिवशी करू नका, कारण नवा तंतू शरीरात रुळायला थोडा वेळ घेतो. शिवाय ज्या मीटरला आपण पंच मानतो, त्यालाही २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने १०० च्या वर १५ टक्क्यांची मुभा दिलेली आहे. खरी साखर २०० असताना मीटर १७० दाखवो किंवा २३०, नियमाने तो पासच आहे.

सायंफेरी

माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड नाही, हे मी लिहायला हवे होते. दुरुस्ती मान्य आहे, मत मात्र माझ्यापुरते कायम ठेवतो.

रातकिडा

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. सर्दीसाठी जीवनसत्त्व सी च्या मोठ्या गोळ्या सुरू केल्यापासून माझा आकडा सतत चढा दिसतो आहे, हा योगायोग असेल का?

काचपट्टी

बहुधा नसेल. अनेक सेन्सरांत जीवनसत्त्व सी ची अभिक्रिया तंतूवर होते आणि आकडा खोटाच वाढतो. काहींच्या सूचनापत्रात दिवसाला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. काही सेन्सरांना पॅरासिटामॉल असेच फसवते. तुमच्या सेन्सरचे सूचनापत्र पाहा आणि गोळ्या चालू आहेत तोवर इन्सुलिनचा डोस बोटाच्या आकड्यावर ठरवा. खोटा चढा आकडा पाहून जास्त इन्सुलिन घेतले, तर पुढचा धोका अगदी खरा असतो.

एकटा जीव

वय ७४. इन्सुलिन चालू होऊन तीस वर्षे झाली. पूर्वी साखर उतरली की हात कापत, घाम येत असे. आता शरीर ती सूचना देतच नाही आणि थेट डोळ्यांपुढे अंधारी येते. मी एकटा राहत असल्यामुळे डॉक्टरांनी सेन्सरचा आग्रह धरला, आणि त्याचे निम्मे पैसे मुलगी भरते. त्या बदल्यात माझा आलेख तिच्या फोनवर दिसतो, आणि जेवणानंतर तासाभराने तिचा फोन येतो की, "बाबा, आज काय खाल्लेत ते खरे सांगा." पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला जे पकडता आले नाही, ते मुलगी इतक्या दुरून पकडते. शेवटी आम्ही तह केला. ७० च्या खाली गेलो, तरच तिच्या फोनवर गजर होईल, चढा आकडा माझा मी पाहीन. दोघांनाही शांतता मिळाली, आणि तिचा फोन आता माझी विचारपूस करायला येतो.

हळदीपान

आईच्या दंडावर सेन्सरच्या आकाराचा लाल, खाजरा चट्टा उठला. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की काही सेन्सरांच्या चिकटद्रव्यात असलेल्या आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाची ही अ‍ॅलर्जी असू शकते. खाली वेगळी पट्टी लावून पाहिली, फारसा उपयोग झाला नाही. शेवटी सेन्सरच बदलला. वर्षभराचा साठा घेण्याआधी एक लावून पाहावा.

शाईदौत

सगळ्यांचे वाचून माझ्या बाजूचे एक राहिले, ते लिहिते. पहिल्या वर्षी सेन्सरने माझे नुकसानही केले. वर जाणारा बाण दिसला की मला धीर धरवत नसे. जेवणानंतर तासाभराने २३० दिसले की चार युनिटे घ्यायची, अर्ध्या तासाने २४० दिसले की आणखी तीन. जलद इन्सुलिनचा परिणाम तीन ते पाच तास चालतो, हे मला तोंडपाठ होते. तरी आकडा समोर हलत असताना हात थांबत नसे. मग तीन तासांनी ते सारे एकदम येऊन ५५ व्हायचे, मी जास्त साखर खायची आणि पुन्हा वर. वहीच्या काळात दिवसाला चार आकडे पाहणारी मी इतकी चुकत नव्हते. उपाय साधाच निघाला: जेवणानंतरचे दोन तास चढ्या आकड्याचा गजर बंद ठेवायचा आणि खालचा कधीही बंद करायचा नाही.

त्यानंतर सरासरीऐवजी मी वेळ मोजू लागले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७ टक्के आली तर सरासरी साधारण १५४. पण एखाद्याची साखर दिवसभर १५४ च्या आसपास राहते, आणि एखाद्याची ५५ आणि २५० च्या मध्ये झोके घेत तिथेच पोहोचते. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये ७० टक्के वेळ, म्हणजे दिवसाचे जवळपास १७ तास, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासाभराहून कमी, असे उद्दिष्ट असते. मी सध्या पंधरा तासांवर आहे. सेन्सरच्या खर्चाबद्दल घरात विषय निघाला की मी हा आकडा सांगते, कारण पहिल्या वर्षी तो नऊ होता.

एकटा जीव

शाईदौत, एक कुतूहल आहे. त्या वहीतले खरे आकडे कोणते आणि मनाचे कोणते, हे आता तुम्हाला तरी ओळखता येते का?

शाईदौत

येते. ज्या पानांवर रक्ताचे ठिपके आहेत, ती खरी.

उंबरठा

आमच्याकडे दोन खोकी सवलतीत घेतलेली पडून आहेत आणि त्यांच्यावरची तारीख पुढच्या महिन्यात संपते आहे. नंतर वापरली तर चालतील का?

ताळेबंद

चालणार नाहीत. तंतूवरचे विकर काळाबरोबर निकामी होते, आणि काही सेन्सर मुदत संपल्यावर सुरूच होत नाहीत. आत्ता दंडावर असलेला संपला की आधी ती खोकी काढा, आणि इथून पुढे सवलत दिसली तरी तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नका. सेन्सर मध्येच बंद पडला, तर खोक्यावरचा क्रमांक घेऊन कंपनीला कळवा. बहुतेक वेळा बदलून मिळतो, म्हणून चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत खोके फेकू नये.

या निमित्ताने माझ्या वरच्या हिशेबात एक चूक सापडली. गेल्या वर्षी माझेही दोन सेन्सर मुदत संपून वाया गेले होते आणि ते मी २९ मध्ये धरलेच नव्हते. एकूण ३१ झाले. साडेबारा खोडून पावणेबारा वाचावे.