मदत हवी आहे: वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ कोणाकडे द्यावं?

नमस्कार मंडळी, बाबांचं चावीचं मनगटी घड्याळ आहे, १७ ज्वेल्सचं (म्हणजे आत चाकांची झीज कमी करणारे १७ बारीक खडे असलेलं), कपाटात कितीतरी वर्षं पडून होतं, परवा काढून चावी दिली तर लगेच टिकटिक सुरू झाली, कानाला लावून ऐकत बसले होते मी. पण पूर्ण चावी देऊनही तीन-चार तासांत बंद पडतं, खरंतर दीड दिवस तरी चालायला हवं ना? हलवलं की परत थोडं चालतं. मला वाटतं आतलं तेल सुकून चिकट झालंय, म्हणून आता चावी देणंच थांबवलंय, उगाच चाकं झिजायला नकोत.

एका ठिकाणी दाखवलं तर ते म्हणाले जुनं मशीन काढून बॅटरीचं टाकू. मला ते अजिबात नकोय! सगळे पार्ट सुटे करून, धुऊन, नवीन तेल घालून नीट सर्व्हिसिंग करणारा माणूस हवाय, शेवटी टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातं ते दाखवणारं यंत्र) चेक करून देणारा असेल तर उत्तमच. आणि डायलला हात लावायचा नाही, सहाच्या आकड्याजवळ पिवळट डाग पडलाय तो तसाच राहू दे, बाहेरच्या केसलाही (आवरणालाही) पॉलिश नको, मागे बाबांचं नाव कोरलंय ते घासलं जाईल.

कोणी स्वतः असं काम करून घेतलंय का? घड्याळ सोपवण्याआधी कारागिराला काय काय विचारावं? आणि मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाते ती मुख्य स्प्रिंग) बदलायची वेळ आली तर जुन्या मॉडेलची मिळते का? प्लीज सांगा.