ट्रान्समीटरमध्ये लाकूड: अडाणीपणा कसला त्यात?

किनवटकर
काल इथं एकानं लिहिलं, 'हाय पॉवर ट्रान्समीटरमध्ये लाकूड घालणारा अडाणी. लाकूड चुलीत जातं, शॅकमध्ये नाही.' शॅक म्हणजे हौशी रेडिओवाल्याची सेटची खोली. माझ्या लिनियरच्या, म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या फोटोखालीच लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्यात दोन ८११-ए व्हॉल्व्ह, त्यांच्या प्लेटला १,५०० व्होल्ट, फ्रिक्वेन्सी जुळवणारी टँक कॉइल सागाच्या दोन पट्ट्यांवर. चार वर्षं झाली. वडील सुतार, लाकूड मला कळतं. जुन्या तुळईचा तुकडा ओव्हनमध्ये ठेवून दर तासाला काट्यावर तोलला. वजन उतरायचं थांबलं तेव्हा तापलेल्या पॅराफिनमध्ये सोडला. अर्धा तास बारीक बुडबुडे येत होते. ते थांबल्यावरही मेण कोमट होईतो पट्टी आतच ठेवली, म्हणजे गार होताना लाकूड हवेऐवजी मेण ओढतं.

पोलंडमधल्या ग्लिवित्सेचा रेडिओ मनोरा १९३५ पासून उभा आहे. शंभर मीटरच्या वर उंच, सगळा लार्चच्या लाकडाचा, बोल्ट पितळेचे. इंग्लंडमधल्या रग्बीच्या १६ किलोहर्ट्‌झच्या ट्रान्समीटरची सहा मीटर उंच कॉइल आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तिचा सांगाडा लाकडाचाच. ते सगळे अडाणी होते का?

लातूरकर
ते वाक्य माझं. शब्द कडक झाला, मत तेच आहे.

ग्लिवित्सेत एरियलची तार मनोऱ्याच्या मधोमध टांगलेली होती. लोखंडी मनोरा असता तर त्यात करंट उतरून लहरी पसरण्याचा सगळा पॅटर्न बिघडला असता, म्हणून लाकूड घेतलं. ते आधाराला होतं, टँक सर्किटच्या व्होल्टेजला टेकलेलं नव्हतं. राहिली रग्बी. लाकूड तापतं ते फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १६ किलोहर्ट्‌झ कुठं आणि तुमचे १४ मेगाहर्ट्‌झ कुठं? जवळपास नऊशे पट फरक. फर्निचरच्या कारखान्यात २७.१२ मेगाहर्ट्‌झवर लाकडाचे जोड तापवून सरस वाळवतात. तीच गोष्ट तुम्ही कॉइलखाली करताय.

मी बत्तीस वर्षं मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर काढली. एका ठिकाणी सिरॅमिकचा स्टँडऑफ, म्हणजे व्होल्टेजचा भाग दूर धरणारा इन्सुलेटर, तडकला. नवा येईना, म्हणून वरिष्ठांनी सागाचा ठोकळा बसवायला लावला. उन्हाळाभर चालला. भाद्रपदात एका पहाटे कॅरियर (मूळ रेडिओ लहर) सोडला आणि हॉलमध्ये चंदन जाळल्यासारखा वास. उघडून बघितलं तर दोन स्क्रूंच्या मध्ये तपकिरी रेघ, मधोमध काळी. बोटाला काजळी लागली. एकदा कोळसा झाला की तो स्वतःच वाहक. रेघ लांबतच जाते.

वसमतचा वायरमन
लातूरकर काका, लाकडाला नावं ठेवू नका. गावागावांत उभी असलेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उघडून बघा. आत राळ पाजून दाबलेल्या लाकडाचे ठोकळे असतात, ११,००० व्होल्टवर, तेलात. वर्षानुवर्षं टिकतात. डीपी जळते ती ओलीमुळं. ब्रीदरमधली, म्हणजे डीपीत हवा घेणाऱ्या नळीतली, ओल शोषणारी सिलिका जेल निळी असेल तर कोरडी, गुलाबी झाली की बदलायची. मी फिरतो तिथं निम्म्या ठिकाणी गुलाबीच असते.

सेलूकर
डीपीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. गेल्या रब्बीत आमची जळाली. गहू पोटरीत, विहिरीला पाणी, आणि सतरा दिवस मोटर बंद. ऑफिसात गेलं की 'आधी बाकी भरा'. मी भरलेली होती, पावती खिशात होती! शेवटी वर्गणी काढून आम्हीच ट्रॅक्टरनं जुनी नेली, नवी आणली. तोवर माझा दोन एकर गहू गेला. जेल गुलाबी झाली हे तुम्हाला दिसतं, मग बदलत काहून नाही?

वसमतचा वायरमन
भाऊ, जेल माझ्या खिशातून आणू का? मागणी लिहून द्यायची आणि वाट बघायची, एवढंच हातात. एका माणसाकडं नऊ गावं आहेत. खांबावर चढताना माझा जोडीदार गेलाय, तेव्हा उगं वायरमनवर राग काढू नका.

सेलूकर
तुमच्या जोडीदाराचं वाईट वाटलं, खरंच. पण माझा गहूही गेलाच की. राग कुणावर तरी निघणारच.

लातूरकर
धागा ट्रान्समीटरचा आहे. डीपी ५० हर्ट्‌झवर चालते, तिचा दाखला इथं लागू होत नाही.

किनवटकर
लागू होतो, काका! वायरमन दादा जे बोलले तेच मी म्हणतोय. खोट लाकडात नसते, पाण्यात असते. तुमचा ठोकळा कच्चा बसवला होता. वाळवला होता का? मेण पाजलं होतं का? भाद्रपदात हवेतली ओल पिऊन तो जळाला, आणि तुम्ही बत्तीस वर्षं दोष लाकडाला देताय.

लातूरकर
आवाज खाली. ठोकळा पाजलेला नव्हता, हे कबूल. पण मेण ओल कायमची अडवत नाही, फक्त उशीर करतं. स्क्रूचं भोक नंतर पाडलं असेल तर तिथून आत जातेच. भोकं मेणाआधी पाडली की नंतर?

किनवटकर
दोन आधी. दोन नंतर, कॉइल सरकवावी लागली म्हणून.

लातूरकर
मग ती दोन बघा. चारशे वॅटची तुमची मर्यादा आहे म्हणून अजून वाचलाय. आमच्या २० किलोवॅटला ती पट्टी एक पावसाळा काढणार नाही. चारशेला चालेल, एवढं मी मानतो. त्याच्यापुढं एक पाऊलही नाही.

किनवटकर
काल 'चुलीत' म्हणालात, आज 'चारशेला चालेल'. मला तेवढं पुरे. कॉइल सोडवून पट्टी आत्ताच तोलली, ३१२ ग्रॅम. नंतरच्या दोन भोकांत मेण भरून पुन्हा तोलतो आणि तो आकडा इथं लिहितो. भाद्रपदात परत तोलीन.

लातूरकर
काटा तोच वापरा. आणि दुपारी नाही, पहाटे तोला.