एनर्जी ड्रिंकने लिव्हर बिघडतंय, गुळवेल-हळदीचा अर्क घेतला तर वाचतं का? (मदत हवी आहे)

फडावरची_वहिनी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे. आमचे भाऊजी (धाकटे दीर, वय ३४) ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर चालवतात, डबल ट्रॉली. हंगाम सुरू झाला की रात्र-दिवस एकच, फडात ट्रॉली भरायची आणि कारखान्यावर काट्याला नंबर लागेपर्यंत रांगेत ताटकळायचं, त्यात पहाटे रांग सरकली आणि ड्रायव्हरचा डोळा लागलेला असला की मागचा पुढं घुसलाच म्हणून समजा. मग जागं राहायला ते वीस रुपयेवालं एनर्जी ड्रिंक, एका रात्रीत कधी तीन कधी पाच बाटल्या. परवा टूलबॉक्समधून पाना काढायला गेले तर पाना राहिला बाजूला, रिकाम्या बाटल्याच घरंगळत बाहेर आल्या.

छातीत धडधड, जेवणावर वासना नाही म्हणून रक्त तपासलं. एसजीपीटी म्हणजे लिव्हरची टेस्ट १३२ (लॅबच्या कागदावर ४० पर्यंत नॉर्मल लिहिलंय), किडनीचं क्रिएटिनिन ठीक, शुगर काठावर. डॉक्टरांनी ड्रिंक बंद करायला सांगितलंय, महिन्याने परत टेस्ट.

इथपर्यंत ठीक होतं. पण रांगेतल्या कुणीतरी गुळवेलीचा अर्क आणि हळद-मिरीच्या कॅप्सूल आणून दिल्यात, वर मोबाईलवर वाचून दाखवलं की एनर्जी ड्रिंक पाजलेल्या उंदरांना झाडपाल्याचा अर्क दिला तर लिव्हर-किडनी शाबूत राहिली. झालं! आता यांचं म्हणणं, "वहिनी, अर्क चालू आहे ना, मग दोन बाटल्यांनी काय होतंय?" मी आयुर्वेदाच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या दारातच गुळवेल आहे. पण हे असं चालतं का? आणि अर्क घेतोय हे डॉक्टरांना सांगायला भाऊजी तयार नाहीत, सांगावं ना?

खलबत्ता:
सांगाच, आजच. एम.फार्म. करताना उंदरांवर असलंच काम केलंय म्हणून लिहितो. त्यात एका गटाला रोज नळीने ड्रिंक पाजतात, दुसऱ्याला ड्रिंक अधिक अर्क, काही आठवड्यांनी रक्त काढतात आणि लिव्हरचे काप मायक्रोस्कोपखाली बघतात. अर्कवाल्या गटात सूज कमी दिसते, हे खरंय, खोटं कोणी बोलत नाही. पण बहुतेक वेळा अर्क पहिल्या दिवसापासून ड्रिंकसोबतच चालू असतो, आधीच बिघडलेलं लिव्हर घेऊन कोणी येत नाही. डोस किलोमागे मोजून दिलेला, अर्क लॅबमध्ये काढलेला, आणि गटात उंदीर किती तर सहा-आठ. त्यावरून माणसाला "पी बिनधास्त" म्हणता येत नाही.

बाटलीचं लेबल वाचा, दिवसाला ५०० मिली पेक्षा जास्त पिऊ नका असं छापलेलं असतं, म्हणजे २५० च्या दोनच बाटल्या, तेही धडधाकट माणसाला. कॅफिन लिटरला ३०० मिग्रॅ पर्यंत चालतं, पाच बाटल्या म्हणजे ३७५ च्या घरात, धडधड होणारच. लिव्हरला मात्र नुसतं कॅफिन नाही, साखर आणि नायसिनही (व्हिटॅमिन बी३) बघावं लागतं. २०१६ साली अमेरिकेतल्या एका बांधकाम कामगाराची केस छापून आली होती, तीन आठवडे रोज चार-पाच ड्रिंक आणि थेट हिपॅटायटिस (लिव्हरला सूज), त्यात नायसिनवर संशय होता. तपासण्यांत त्याला जुना हिपॅटायटिस सी पण निघाला. म्हणून भाऊजींचं एचबीएसएजी, एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सी च्या रक्ततपासण्या) आणि सोनोग्राफी करून घ्या. आणि दारू घेतात का हे लाजू नका, विचारा.

माहीमची_मावशी:
गुळवेलीबद्दल जपून गं. कोविडच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनी काढे ढोसले, आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये इथे मुंबईतच गुळवेल घेणारे सहा पेशंट लिव्हरला इजा होऊन आले, २०२१ मध्ये डॉक्टरांनी ते छापलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेगळीच वेल असेल, नंतर वेगवेगळ्या शहरांतून अजून केसेस पुढे आल्या. हळदीच्या कॅप्सूलचंही तसंच, मिरीतल्या पिपरिनने हळद अंगात कैकपट जास्त शोषली जाते आणि अमेरिकेत अशा कॅप्सूलने लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीशी त्याची बरोबरी नको. एसजीपीटी आधीच तिप्पट, त्यात हे दोन्ही चालू ठेवलं तर पुढच्या रिपोर्टमध्ये दोष कुणाचा तेच कळायचं नाही.

कोल्हापुरी_ठेचा:
आमची आजी काविळीला भुईआवळा द्यायची, चांगला गुण यायचा.

खलबत्ता:
@ठेचा, बऱ्याचशा काविळी काही न देताही महिना-दीड महिन्यात उतरतात हो. आजीला नमस्कार सांगा पण यांना देऊ नका.

फडावरची_वहिनी:
खूप आभार सगळ्यांचे. कॅप्सूल आणि अर्काची बाटली दोन्ही माझ्या कपाटात कुलपात गेलीत, दवाखान्यात दाखवायला घेऊन जाणार. दारूचं विचारलं तर भाऊजी आधी हसले, मग म्हणाले हंगामात घेत नाही, म्हणजे हंगाम सोडून घेतात. रात्रीसाठी धाकट्या चुलत दिराला सोबत पाठवायचं ठरतंय, त्याच्याकडं लायसन आहे, आलटून-पालटून झोपतील. एकच विचारायचं राहिलं, सोनोग्राफी उपाशीपोटीच करायची का? कारण हे कारखान्यावरून सकाळी सातला येतात आणि हातपाय धुवायच्या आधी भाकरी मागतात.