१९६७ ची एमजीबी: चढावर पिकअप मरतो, मग आपोआप परत येतो

कोव्हेंट्रीकर:
माझी एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे). कधी वीस मिनिटं, कधी तासभर मस्त पळते. मग चढावर पाय दाबला की पिकअप एकदम जातो, दोन-तीन झटके, पाय उचलला की पुन्हा जशीच्या तशी. शनिवारी मागे लॉरी होती आणि शेजारी आई. फार घाबरलो. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे), त्यांचा कंडेन्सर, फिल्टर सगळं नवं घातलंय. आता कार्ब्युरेटर उघडू का?

डेल्कोवाला:
कार्ब्युरेटरला इतक्यात हात लावू नका. पिकअप जातो तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो ते आधी बघा. इंजिनाबरोबर सावकाश उतरला तर पेट्रोल कमी पडतंय. गाडी गिअरमध्ये धावत असताना काटाच धाडकन पडला तर कॉइलचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा, करंट तुटतोय. तुमच्या गाडीचा काटा त्याच करंटवर चालतो. आणि इग्निशन दिल्यावर पेट्रोल पंप थोडा टिकटिकून गप्प होतो ना?

नाशिककर_लंडन:
टाकीचं झाकणही बघा. झटके आले की थांबून उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. जुन्या रबरी नळ्या बदलाच. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या, ब्रिटनमधल्या, साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. माझ्या नळीचं रबर आतून सुटलं होतं, काळे कण कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीत सापडले.

कोव्हेंट्रीकर:
पंप गप्प होतो, झाकणही ठीक. आज बायको काट्यावर नजर ठेवून बसली होती. "पडला, पडला!" गाडी तेव्हा चाळीसच्या वेगात होती.

डेल्कोवाला:
मग डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या) आत, पॉइंटकडे जाणारी बारीक वायर तपासा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या भागामुळे) पॉइंटची प्लेट पाय कमी-जास्त होईल तशी फिरते, त्याबरोबर वायर वाकते. आतल्या तारा तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. मीटरचं एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या स्प्रिंगला लावा आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा.

कोव्हेंट्रीकर:
सापडली! नळी ओढली की मीटर बंद, सोडली की चालू. तीनदा करून बघितलं. वायर कापली तर आत दोनच तारा धड होत्या. डेल्कोवाले दादा, मनापासून आभार. मऊ, बारीक तारांची नवी वायर टाकली आणि आज दीड तास चढउतार केले, एकही झटका नाही. आई यायला तयार आहे. तिला बसवायच्या आधी अजून दोन फेऱ्या एकटाच मारतो.