मदत हवी आहे: सशाची पिल्लं नर की मादी, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्याकडे सशाची दोन पिल्लं आली. एक पांढरं, लाल डोळ्यांचं, दुसरं करडं. "जोडी आहे," एवढंच दुकानदाराने सांगितलं. वय दोनेक महिने असावं. खरंच जोडी असेल तर लवकर काहीतरी करायला हवं. लहान चणीचे ससे साडेतीन-चार महिन्यांतच वयात येतात, मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. इतक्या पिल्लांना चांगली घरं कुठून मिळणार?

उताणं धरलं की दोघंही जोरात लाथा झाडतात. त्या झटक्याने सशाचा कणा मोडू शकतो असं वाचल्यापासून धीर होत नाही. नीट कसं धरायचं? आणि काल करडं पांढऱ्यावर चढत होतं, म्हणजे ते नर समजायचं का?

दुसरा प्रश्न माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा. पांढऱ्याच्या पापण्या लांब, म्हणून ती मुलगी, असं तिने ठरवून टाकलंय. कार्टूनमध्ये मिनीला मिकीपेक्षा वेगळं करतात ते पापण्या, बो आणि फ्रॉकनेच. ट्वीटी मुलगा आहे हे तर तिला अजिबात पटत नाही. तिला कसं समजवावं?

प्रतिसाद

ताई, आधी दोघांना वेगळं ठेवा. पिंजरे शेजारी-शेजारी, मधे जाळी, म्हणजे ओळख तुटत नाही. चढण्यावरून काही ठरवू नका, वर्चस्व दाखवायला माद्याही चढतात.

तपासताना जमिनीवरच बसा, म्हणजे निसटलं तरी उंचावरून पडणार नाही. पिल्लाची पाठ तुमच्या पोटाला टेकवा, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान धरून कधीही उचलू नका. दुसऱ्या कुणाला तरी अंगठ्याने जननेंद्रियाच्या कडेला अलगद दाबायला सांगा. नर असेल तर गोल तोंडाची बारीक नळी वर येते, मादीला उभी चीर दिसते. नरात ती जागा गुदद्वारापासून जरा लांब असते. या वयात जाणकारही फसतात. वृषण १०-१२ आठवड्यांच्या सुमारास उतरतात, तेव्हा पुन्हा बघा. घाबरला की ससा ते आत ओढून घेतो, हेही लक्षात असू द्या.

नराची नसबंदी केलीत तरी पुढचे काही आठवडे मादीपाशी सोडू नका. मादी असेल तर तिचीही करून घ्या, वय वाढलं की गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार असतं.

लेकीला मिफीची गोष्ट सांगा. डच चित्रकार डिक ब्रूनांनी १९५५ मध्ये हा ससा आणला तेव्हा तो मुलगा की मुलगी हे ठरलेलंच नव्हतं. पुढे त्यांनी त्याला फ्रॉक घातला आणि ती मुलगी झाली. चित्रातल्या सशाचं चित्रकार ठरवतो, तुमच्या सशांचं तसं नाही. दोघांच्या पापण्या तिलाच जवळून बघू द्या, करड्यालाही आहेत.

धागाकर्ती

मनापासून आभार. आजच मधे जाळी लावते. पुण्यात कर्वेनगर-कोथरूडच्या बाजूला सशांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले व्हेट कुणाला माहीत आहेत का? कुत्र्या-मांजरांचे बरेच आहेत, पण सशाला भूल देण्याची सवय असलेलेच हवेत.